वजनाची वही

"काका, आज सकाळी वजन किती भरलं?" रुग्णालयातल्या सिस्टरांनी फोनवर एवढेच विचारले आणि बाबा गप्प झाले, कारण घरी आल्यापासून आठ दिवसांत ते वजनकाट्यावर एकदाही उभे राहिले नव्हते.

मी काटा पुढे ओढला. आकडा डिस्चार्जच्या दिवसापेक्षा अडीच किलोने जास्त होता. बाबांचा मोजा खाली सरकवला, तर रबराचा वळ खोल उमटला होता आणि घोट्यावर अंगठा दाबल्यावर पडलेला खळगा बराच वेळ भरून आला नाही.

सिस्टरांनी समजावले, की हृदयाची ताकद कमी झाली की अंगात पाणी साठते आणि दोन-तीन दिवसांत २ किलोहून अधिक वजन वाढले, तर दम लागण्याची वाट न पाहता कळवायचे असते. डॉक्टरांना विचारून त्यांनी लघवीच्या गोळीचे प्रमाण बदलून घेतले. मग जेवणाची चौकशी झाली. वरचे मीठ आम्ही बंद केले होते, पण पानातले लोणचे आणि पापड हिशेबात धरलेच नव्हते.

हे सारे डिस्चार्जच्या कागदावर छापलेले होते. तरीही तो फोन आला नसता, तर तो मोजा मी केव्हा खाली सरकवला असता?