जन्मठेपेतली संचित रजा: घोडं अडतं ते ठाण्यातच

आमच्या नातलगाला खुनाची जन्मठेप. कैदी नाशिकरोड कारागृहात, गाव खान्देशात. संचित रजेचा, म्हणजे फर्लोचा (शिक्षा भोगताना ठरावीक काळानं घरी जायला मिळणाऱ्या सुट्टीचा) अर्ज आतूनच भरला गेला आणि पुढे सरकला. तिथं काही त्रास नाही.

रजा मंजूर करतात कारागृह उपमहानिरीक्षक, पण त्यांच्या हाती कागद येतो तो गावच्या पोलीस ठाण्याचा. बीट अंमलदार, म्हणजे गावाचा भाग ज्याच्याकडे असतो तो पोलीस, जामीनदाराचा जबाब घेतो, कैदी राहणार ते घर बघतो, फिर्यादीकडच्यांनाही विचारतो. आमच्याकडे फिर्यादीचं घर त्याच गल्लीत. त्यांनी हरकत घेतली आणि अहवालात ठरलेलं वाक्य उतरलं: ‘सार्वजनिक शांतता भंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ कोण भंग करणार, कशावरून, एक अक्षर नाही! १९५९ च्या फर्लो-पॅरोल नियमांत शांततेचं कारण आहेच, त्यामुळे तेवढ्यावर अर्ज फेटाळला जातो.

म्हणून राहण्याचा पत्ता दुसऱ्या तालुक्यातल्या नातेवाइकाचा द्या. चौकशी मग त्या ठाण्याकडेही जाते, वेळ लागतो, पण हरकतीचा जोर कमी होतो. जामीनदार जवळचा, घरी सापडणारा हवा. कापूस वेचणीला शेतावर गेला की ‘मिळून आला नाही’ असा शेरा पडतो. आधार, रेशनकार्ड, सातबारा घेऊन त्यानं स्वतःच ठाण्यात जावं. ‘साहेब बंदोबस्तात आहेत’ हे ऐकून परत फिरू नका. अहवाल गेला असेल तर जावक क्रमांक मागा. त्याशिवाय ‘पाठवला’ या शब्दाला अर्थ नाही.

फेटाळल्याचा आदेश कैद्याला मिळतो. त्यावरून कारागृह महानिरीक्षकांकडे अपील, नंतर उच्च न्यायालय.

आणखी एक. संचित रजेचे दिवस शिक्षेत धरतात, पॅरोलचे धरत नाहीत. पॅरोल मिळतो तो घरातलं गंभीर आजारपण यासारख्या ठरावीक कारणांसाठीच. आजारपणाच्या कारणावरचा अर्ज विभागीय आयुक्तांकडे, नाशिकला.

चौदा वर्षांनी आपोआप सुटका, ही पारावरची गोष्ट. खुनाच्या जन्मठेपेत माफीचे दिवस न धरता १४ वर्षं भोगल्याशिवाय सरकार मुदतपूर्व सुटकेचा विचारच करू शकत नाही (आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३३-अ, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४७५). त्यापुढची वर्षं गुन्ह्याच्या प्रकारावर ठरतात. त्या फाइलीत रजेवरून वेळेवर परतल्याची नोंदही बघतात, तेव्हा परतीच्या दिवशी भुसावळकडून सकाळचीच गाडी धरा.

श्रावणातल्या कानबाईच्या सणाला माणूस घरी हवा असेल, तर अर्ज उन्हाळ्यातच टाका.