चारशे किलोमीटरांचा सव्वा तास

माझी आई पै-पैचा हिशेब ठेवणारी आहे. धाकट्या मामांकडे दादरला जाण्यासाठी तिचे विमानाचे तिकीट काढले, तेव्हा भाड्याबद्दल ती काही बोलली नाही. तिचा आक्षेप वेळेला होता. बेळगावच्या सांबरा विमानतळाहून मुंबई सरळ रेषेत सुमारे चारशे किलोमीटर आहे आणि पंख्याचे एटीआर ७२ विमान ताशी साधारण पाचशे किलोमीटर वेगाने जाते, असे मीच तिला सांगितले होते. म्हणजे पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटे. मग तिकिटावर सव्वा तास कसा?

प्रश्न रास्त होता. तिकिटावरचा वेळ हा केवळ उडण्याचा नसून विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून मुंबईत पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीच्या टोकापर्यंत सावकाश जाणे त्यात येते. चढताना आणि उतरताना पूर्ण वेग मिळत नाही, तेही त्यात येते. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत, आणि गर्दीच्या वेळी विमानाला आकाशातच घिरट्या घालत पाळी येण्याची वाट पाहावी लागते. कंपन्या ही दिरंगाई गृहीत धरूनच वेळापत्रक आखतात, त्यामुळे कधी विमान वेळेआधी पोहोचते आणि आपण उगाच त्यांचे कौतुक करतो.

हा वरखर्च अंतराबरोबर त्याच प्रमाणात वाढत नाही. बेळगाव ते दिल्ली सरळ अंतर सुमारे १,४३० किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या साडेतीन पट. पण जेट विमानाला लागतात अडीच तासांच्या आसपास, म्हणजे जेमतेम दुप्पट. बंगळूरचे सरळ अंतर मुंबईपेक्षा चाळीसेक किलोमीटरांनीच जास्त असल्याने तिथला वेळही फारसा वेगळा नसतो. वाऱ्याचा परिणाम पूर्व-पश्चिम प्रवासात अधिक जाणवतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहत असल्यामुळे कोलकात्याहून मुंबईला येणे हे जाण्यापेक्षा लांबते. आमच्या उत्तरेकडच्या वाटेवर त्याचा तेवढा त्रास नाही.

हे सारे ऐकून आईने वहीत आपला हिशेब मांडला: शहापुरातल्या घरून सांबऱ्यापर्यंत रिक्षाने अर्धा तास, तपासणीसाठी दीड तास आधी पोहोचणे, सव्वा तास विमान, सामान मिळायला वीस मिनिटे आणि तिथून दादरपर्यंत एक तास. एकूण साडेचार तासांहून थोडे अधिक, त्यात प्रत्यक्ष हवेत तास सुद्धा नाही. रात्रीच्या बसला दहा तास लागतात, हे मात्र तिने वहीत लिहिले नाही.

निपाणीच्या मावशीने फोनवर वेगळाच मुद्दा काढला. तिला सांबऱ्यापेक्षा कोल्हापूरचे उजळाईवाडी विमानतळ जवळ पडते आणि तिथून मुंबई सरळ रेषेत सुमारे ३१० किलोमीटर, म्हणजे नव्वद किलोमीटर कमी. पण त्या वेगाने नव्वद किलोमीटर म्हणजे अकरा मिनिटांचा फरक. तिचा खरा फायदा आकाशात नसून महामार्गावर आहे, कारण तिला बेळगावपर्यंत खाली येऊन पुन्हा त्याच दिशेने वर जावे लागत नाही. आईने ती अकरा मिनिटेही वहीत टिपून ठेवली आहेत.