जाडी साल, पातळ साल

एप्रिल-मेमध्ये लालबागला मसाल्याचं सामान घ्यायला गेलात आणि नुसती दालचिनी मागितलीत, तर ‘कुठली?’ असं सहसा कुणी विचारत नाही. काट्यावर पडते ती जाडी, काळपट तपकिरी, लाकडासारखी कडक साल. सिलोनी हवी असेल तर तसं सांगावं लागतं. मग तिचा भाव ऐकून शेजारी मिरच्या निवडणाऱ्या काकू एकदा आपल्याकडे पाहून घेतात.

जाडी म्हणजे कॅशिया. ती चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियाकडची. श्रीलंकेच्या सिलोनीची नळी एकात एक गुंडाळलेल्या पापुद्र्यांची असते, चिमटीत दाबली तरी चुरते. कॅशियाचा तुकडा मिक्सरच्या पात्याशीही भांडतो. चव घेऊन बघा: कॅशिया जिभेला चटका देते, मागून किंचित तुरट लागते. सिलोनी गोडसर, आणि तिला लवंगेची पुसट झाक असते, कारण लवंगेतलं युजेनॉल तिच्यातही असतं.

सिलोनी तेवढी अस्सल आणि कॅशिया नकली, असं हल्ली फार ऐकू येतं. मला नाही पटत. आपल्या अन्नसुरक्षा नियमांतही दालचिनी आणि तज (म्हणजे हीच कॅशिया) यांना वेगवेगळी मानकं आहेत. बाष्पनशील तेल, म्हणजे वास आणि चव देणारं, उडून जाणारं तेल, दालचिनीत किमान ०.७ टक्के हवं, तजेत २ टक्के. जोर कुणात आहे ते कळलंच. मालवणी मसाल्यात बेडगी, धणे, दगडफूल, बडीशेप, जायपत्री यांच्या गर्दीत सिलोनी म्हणजे संध्याकाळी दादरला विरार फास्ट पकडायला निघालेला पुणेकर. तिथे कॅशियाच हवी. बिर्याणीच्या तापल्या तुपातही तीच. आटवलेल्या दुधात किंवा सफरचंदाच्या शिऱ्यात मात्र ती दांडगाई करते. तिथे सिलोनीचे पैसे वसूल होतात.

एका बाबतीत मात्र मी सिलोनीच्या बाजूचा. शिवाजी पार्कला फेऱ्या मारून घरी आल्यावर ‘शुगरसाठी’ रोज चमचाभर दालचिनीची पूड पाण्यातून घेणारे बरेच आहेत. कॅशियात कूमारिन नावाचं नैसर्गिक द्रव्य भरपूर असतं, सिलोनीत अगदी नाममात्र. ते जास्त झालं तर काहींच्या यकृताला त्रास होतो. युरोपात त्याची रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोला ०.१ मिलिग्रॅम धरतात. साठ किलोच्या माणसाची ही मर्यादा साधारण २ ग्रॅम कॅशियातच गाठली जाऊ शकते, असा जर्मनीच्या सरकारी तज्ज्ञांचा हिशेब आहे. चहाचा चमचा त्याहून थोडा मोठाच भरतो. मसाल्यातून आमटीत येणारा कण या हिशेबात कुठेच बसत नाही, तेव्हा वर्षाचा मसाला निर्धास्त करा.

सिलोनीसाठी श्रीलंकेकडेच पाहायला हवं असंही नाही. तीच जात कोकणात नारळ-सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून लावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘कोकण तेज’ हा वाण त्यातलाच. गणपतीला गावी जाणाऱ्यांनी काजूबरोबर तिचीही चौकशी करावी. फक्त साल आणा, पूड नको. एकदा दळली की जाडी कुठली आणि पातळ कुठली, हे डोळ्यांना काही सांगता येत नाही.