मास्तर, टब आणि तिरचिमणीचं घरटं

वडील चादरीच्या कारखान्यात नक्षीचे ग्राफ काढायचे. वाया गेलेले कागद घरी यायचे. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी अंगणातल्या लिंबावरचे सातभाई काढायची, भांडताना, एकमेकांना रेटताना. शाळेत एका बाईंनी ‘ही चित्रं आहेत की चेष्टा?’ म्हणत तो गठ्ठा बाजूला सारला. ते बोलणं अजून लागतं. म्हणून जेमायमा ब्लॅकबर्न मला फार जवळची वाटते.

ही स्कॉटलंडची चित्रकार बाई (१८२३–१९०९) बहुतेक सगळं स्वतः बघून बघूनच शिकली. वीज आणि चुंबकत्व एका सूत्रात बांधणारा जेम्स क्लार्क मॅक्सवेल तिचा मामेभाऊ. तिच्या एका जलरंगात हा दहाएक वर्षांचा पोरगा कपडे धुवायच्या टबात बसून तळ्यात पळालाय आणि शिकवणीचे मास्तर काठावरून दंताळ्याने टब ओढू बघतायत. मला पहिल्यांदा बघताना एवढं हसू आलं की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

त्याच नजरेने तिने तिरचिमणीचं, एका छोट्या पक्ष्याचं, घरटं पाहिलं. त्यात कुकूचं, म्हणजे दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालणाऱ्या पक्ष्याचं, पिल्लू होतं, उघडंनागडं, डोळेही न उघडलेलं, मान धरायची ताकद नाही. तिरचिमणीची पिल्लं त्याच्यापेक्षा जास्त वाढलेली दिसत होती, पिसं फुटलेली. तरी ते पाठीवर एकेक पिल्लू घेऊन उलटं चढत काठापर्यंत गेलं, पाय फाकवून घट्ट रोवले आणि पंखांनी ढकलून दिलं. देवीची लस शोधणाऱ्या एडवर्ड जेन्नरने १७८८ मध्ये हेच लिहिलं होतं, पण अनेकांना पटत नव्हतं. जेमायमाने समोर बसून चित्र काढलं, १८७२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात हकीकत छापली, आणि पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी आपलं मत बदललं. मास्तरांची फजिती टिपणारा हात तोच, हे मला फार मोठं वाटतं.

आपल्याकडे कोकिळेचं पिल्लू बहुधा कावळ्याच्या पिल्लांबरोबरच वाढतं. यंदा जूनमध्ये लिंबावर ते होतं. कावळी भरवतेय, ते पुन्हा आ वासतंय. तीन सकाळी गच्चीवर बसून मी ते काढलं, वडिलांच्याच जुन्या ग्राफवर. आईने चष्मा लावून पाहिलं.

“अगं, ही कावळी किती दमलीये!”

चोचीचा कोन अजून जमलेला नाही. उद्या पुन्हा सहाला गच्चीवर.