रिकाम्या चौकटीची वारी

पोलंडच्या राजधानीतल्या, वॉर्सातल्या द्वुगा रस्त्यावरच्या चर्चमधून दरवर्षी 6 ऑगस्टला निघणारी पायी वारी 14 ऑगस्टला चेंस्तोहोवाच्या यास्ना गुरा मठात पोहोचते. 1711 मध्ये प्लेगच्या साथीत केलेल्या नवसातून ती सुरू झाली. सासवडला वाढताना मी वडिलांबरोबर सोपानकाकांच्या पालखीत चालले होते. नोकरीनिमित्त वॉर्सात आल्यावर पाचव्या वर्षी मी या वारीसाठी नाव नोंदवले. येथे सगळे एकमेकांना ‘भाऊ’ आणि ‘ताई’ म्हणतात, आणि ‘माऊली’ या हाकेची सवय असलेल्या माझ्या कानांना ‘शोस्त्रो’ ही हाक दुसऱ्याच दिवशी आपली वाटू लागली.

तिसऱ्या दिवशी माझ्या टाचेला मोठा फोड आला. सत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी मला गवतावर बसवले, सुई लायटरच्या ज्योतीवर धरली आणि दोरा फोडातून अलगद ओवून तसाच ठेवला. आमच्या वारीतही असेच करतात, हे सांगताच त्या खुलल्या आणि पुढचे दिवस आम्ही जोडीनेच चाललो.

आजी मूळच्या सायलेशियातल्या, कोळशाच्या खाणींच्या मुलखातल्या. वडील खाणीवरून घरी आले की कितीही धुतले तरी त्यांच्या पापण्यांच्या कडा काळ्याच राहायच्या, असे त्या सांगत. रांगा, रेशनकार्डावरचे मांस, 1981 च्या डिसेंबरात वुयेक खाणीत संपकऱ्यांवर झालेला गोळीबार आणि त्यात गेलेले नऊ कामगार, या गोष्टी त्यांनी चार वाक्यांत संपवल्या. रेंगाळल्या त्या 1966 वर.

यास्ना गुराच्या काळ्या मातेच्या, म्हणजे येशूची आई मरिया हिच्या, चित्राची एक प्रतिकृती 1957 पासून गावोगावच्या चर्चमध्ये फिरत होती. पोलंडच्या ख्रिस्तीकरणाला 1966 मध्ये हजार वर्षे होत होती, आणि त्या सोहळ्यांना मिळणारा प्रतिसाद कम्युनिस्ट सरकारला खुपत होता. पोलिसांनी ती प्रतिकृती वाटेतच ताब्यात घेऊन मठात नेली आणि तिला बाहेर काढण्यास मनाई केली. लोकांनी फिरणे थांबवले नाही. 1972 पर्यंत गावांतून चित्राविना नुसती चौकट फिरली. सोबत एक मेणबत्ती आणि बायबलमधील शुभवर्तमानाचा ग्रंथ असे.

“आमच्या चर्चमध्ये ती आली तेव्हा मी बारा वर्षांची होते,” आजी म्हणाल्या. “आत काहीच नव्हते, तरी माझी आई गुडघ्यांवर बसून रडत होती.”

मी त्यांना सांगितले की आमच्या पालखीतही मूर्ती नसते, पादुका असतात, आणि त्या चालल्या की संतच चालत आहेत असे आम्ही मानतो. 2020 मध्ये साथीमुळे पायी वारी थांबली तेव्हा त्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या, हेही सांगितले. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग, त्या संध्याकाळी चौकटीतून पलीकडे काय दिसले, ते त्यांनी सांगितले.

पलीकडे त्यांच्या शाळेतल्या बाई उभ्या होत्या. याच बाईंनी वर्गात बजावले होते की जे चर्चला जातील त्यांची नावे लिहून घेतली जातील. मुले त्यांना पाठीमागे ‘पार्टीवाली’, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाची, म्हणत आणि आजी त्यांत सर्वांत पुढे असत. बाईंनी डोक्यावरचा रुमाल पार भुवयांपर्यंत ओढला होता. चौकट दोघींच्या मधून पुढे जाईपर्यंत त्या एकमेकींकडे पाहत राहिल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत दोघींनीही त्याचा उच्चार केला नाही, आणि कुणाचेही नाव कधीच लिहिले गेले नाही. मुलांचे चिडवणे मात्र चालू राहिले. खरे काय ते सांगितले असते तर बाईंची नोकरी गेली असती, म्हणून आजी गप्प राहिल्या. त्या शाळेतून निघाल्या, बाई पुढे वारल्या, आणि क्षमा मागायची राहूनच गेली.

चेंस्तोहोवाच्या थोडे अलीकडे प्शेप्रोश्ना गुर्का नावाची टेकडी आहे. यास्ना गुराला पोहोचण्यापूर्वी वारकरी तेथे थांबून वाटेत झालेल्या चुकांबद्दल एकमेकांची क्षमा मागतात. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, काही रडत होते. आजींनी माझे दोन्ही हात हातांत घेतले, रीतीप्रमाणे माझी क्षमा मागितली, आणि हात तसेच धरून ठेवत हलक्या आवाजात विचारले, “ताई, आता तू थोडा वेळ माझ्या बाई होशील का?”

मी ओढणी डोक्यावरून घेतली आणि भुवयांपर्यंत ओढली.