चोर्ला घाटात लाव्हाचा घुमट शोधताना

सुर्ला नावाची गावं गोव्यात दोन आहेत, हे आधीच सांगून टाकतो. एक डिचोली तालुक्यात, दुसरं सत्तरीत, चोर्ला घाटाच्या माथ्याकडे. मी फोनवर नुसतं 'सुर्ला' टाकलं आणि म्हापशाहून निघून निमूटपणे चुकीच्या सुर्ल्याला पोचलो. खाणींच्या लाल मातीकडे बघत भाची म्हणाली, "मामा, हा लाव्हा नव्हे, लोखंडाचं खनिज." तासभर गेला. तुम्ही साखळी, मग केरी, मग घाट असं विचारत जा.

खूळ माझंच होतं. जपानच्या शोवा-शिनझानबद्दल वाचलं होतं. होक्काइदो बेटावर १९४३च्या अखेरीस सपाट शेतजमीन फुगायला लागली आणि १९४५पर्यंत तिथे डोंगर उभा राहिला, माथ्यावर घट्ट लाव्हाचा घुमट, म्हणजे न पसरता तोंडाशीच साचलेल्या लाव्हाचा फुगवटा घेऊन. मासाओ मिमात्सु नावाच्या तिथल्या पोस्टमास्तरने त्याच्या वाढीची रेखाटनं करून ठेवली आणि पुढे ती जमीनच विकत घेतली. तेव्हापासून मला केरीच्या अंजुणे धरणावरून दिसणारा प्रत्येक गोल माथा संशयास्पद वाटायचा. भाची भूशास्त्र शिकते, म्हणून तिला बरोबर घेतली.

घाटात एका मोकळ्या जागी गाडी लावली. रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात डोक्याएवढे गोल धोंडे होते, प्रत्येकावर कांद्यासारखे पापुद्रे. मी खूश. "हे बघ, छोटे घुमट!" तिने एक पापुद्रा नखाने उचकटला, तर खाली भुसभुशीत पिवळट माती आणि आत काळाकुळकुळीत टणक गाभा. लाव्हा थंड होताना त्याला चौकोनी भेगा पडतात, त्यांत पाणी शिरतं, कोपरे आधी कुजतात आणि चौकोनाचा गोल होतो, एवढंच. गाभ्याच्या दगडात मोहरीएवढी भोकं होती, काही रिकामी, काही पांढऱ्या खड्यांनी भरलेली. लाव्हातून वायू सुटला त्याचे ते बुडबुडे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. दख्खनच्या पठारावर पसरलेला बेसाल्ट, म्हणजे हाच काळा लाव्हाचा दगड, गोव्यात शिरतो तो या ईशान्येच्या कोपऱ्यात. बाकी गोव्याचा खडक त्याहून कितीतरी जुना.

मग इथे घुमट का नाही? ती म्हणाली, घावनाचं पीठ आणि मोदकाची उकड आठव. बेसाल्टचा लाव्हा म्हणजे घावनाचं पीठ, लाव्हाला घट्टपणा देणारी सिलिका कमी, भराभर पसरणारा, त्याचे थरावर थर बसतात. डेसाइटसारख्या लाव्हात सिलिका साठ टक्क्यांच्या वर. तो तोंडाशीच साचतो, आतून नवा माल आला की फुगतो आणि कडेने ढासळतो. ढासळणं हेच त्याचं भयंकर अंग, कारण तापलेला चुरा आणि वायू डोंगरावरून गाडीच्या वेगाने खाली येतात. जपानच्याच उनझेन ज्वालामुखीवर ३ जून १९९१ला असा लोंढा आला आणि ४३ माणसं गेली, त्यांत ज्वालामुखींचं चित्रण करणारं क्राफ्ट जोडपंही होतं. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटाच्या पेले पर्वतात १९०२मध्ये सेंट-पिएर शहर बेचिराख झाल्यावर विवरातून घट्ट लाव्हाचा सुळका सुमारे तीनशे मीटर वर आला आणि वर्षभरात कोसळला.

असे घुमट मुख्यतः समुद्राचा तळ दुसऱ्या भूपट्टाखाली घुसतो त्या पट्ट्यांत सापडतात: जावातला मेरापी, ग्वाटेमालातला सांतियागितो, अमेरिकेतला सेंट हेलेन्स, कॅरिबियनमधलं मॉन्टसेरात. पण नियमाला अपवाद असतोच. फ्रान्समधला प्युई द डोम तशा पट्ट्यात नाही, अकरा हजार वर्षांचा आहे, आणि वर रेल्वेने जाता येतं. मला परवडेल तर मी तिथेच जाईन.

आता जाणाऱ्यांसाठी. पेट्रोल साखळीतच भरा. घाटात फोनला रेंज जाते, नकाशा आधी उतरवून ठेवा. वळणांवर ट्रक मधोमध येतात, तेव्हा दगड बघायला वळणावर थांबू नका, पुढे रुंद जागा मिळते. आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी गेलो, कडे धुऊन निघालेले आणि गवत अजून हिरवं होतं. भर पावसात धुक्यामुळे चार हातांवरचं दिसत नाही आणि जळवा असतात. धबधब्यांकडे उतरायचं असेल तर वनखात्याची परवानगी लागते का ते निघण्याआधी विचारा, भोवती म्हादई अभयारण्य आहे. त्याच कारणाने दगड खिशात घालू नका. भाचीने माझा एक परत ठेवायला लावला. डबा घरून न्या. आम्ही वर काहीतरी मिळेल या भरवशावर गेलो आणि दुपारी अडीचला केरीत उतरून भजी खाल्ली.

घट्ट जातीचा लाव्हा जवळपास बघायचाच असेल तर मडगावहून कोकण रेल्वेने उडुपी गाठा आणि मालपेहून होडीने सेंट मेरी बेटांवर जा. तिथला दगड सिलिकावाला, सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीचा, मादागास्कर भारतापासून तुटला त्या काळातला, आणि षटकोनी खांबांत फुटलेला. घुमट तोही नव्हे, हे भाचीने आधीच बजावलंय. पावसाळ्यात होड्या बंद असतात, म्हणून आम्ही डिसेंबरची तिकिटं काढली आहेत.