ओझोन घेण्याआधी मशीनच्या मागची नळी बघा

कंबर-गुडघ्याच्या दुखण्यावर सांगली-मिरजेत ओझोन वायूचं इंजेक्शन घ्यायचा विचार असेल, तर भिंतीवरची सर्टिफिकेटं नंतर वाचा. मशीनच्या मागची नळी मेडिकल ऑक्सिजनच्या सिलिंडरला जोडलेली हवी. खोलीतली हवा ओढणारं मशीन असेल तर सरळ उठा. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. मशीन विजेच्या डिस्चार्जने ऑक्सिजनचा ओझोन करतं, त्यात नायट्रोजनचेही ऑक्साइड बनतात आणि ओझोनबरोबर सुईत उतरतात. द्राक्षं-भाज्या धुवायची घरगुती मशीनं बहुधा हवेवरच चालतात. त्यांचं इथे काही काम नाही.

सिरिंजमध्ये खरं तर ९५ ते ९९ टक्के ऑक्सिजनच असतो, उरलेला ओझोन. मात्रा दोन आकड्यांनी सांगायची असते, वायू किती मिली आणि प्रत्येक मिलीत ओझोन किती मायक्रोग्रॅम; नुसते 'दहा मिली' म्हणणाऱ्याने अर्धंच सांगितलेलं असतं. गुडघ्यात साधारण ५ ते १० मिली, प्रत्येक मिलीत १० ते २० मायक्रोग्रॅम. मणक्यांमधल्या सरकलेल्या चकतीत ३ ते ५ मिली, ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास, तेही सी-आर्मवर (चालू एक्स-रे दाखवणारं यंत्र) सुई बघूनच. चकतीतले पाणी धरणारे रेणू ओझोनने तुटतात, चकती आक्रसते, नसेवरचा दाब कमी होतो, असं यामागचं स्पष्टीकरण. चकतीसाठी थोडाफार पुरावा आहे. गुडघ्यासाठी त्याहून कच्चा.

ओझोन टिकत नाही. २० अंशांना साधारण ४० मिनिटांत निम्मा, ३० अंशांना २५ मिनिटांत. सांगलीचा मे महिना आणखी घाई करतो. सिरिंज भरून ठेवून मग पेशंटला हाक मारली, तर लिहिलेली मात्रा कागदावरच राहते. शिवाय ओझोन रबर खातो, म्हणून नळ्या सिलिकॉनच्या किंवा टेफ्लॉनच्या लागतात.

रक्त काढून त्यात वायू मिसळून परत चढवण्याचा प्रकार वेगळा, आणि जास्त जोखमीचा. रक्त काचेच्या बाटलीत घ्यावं लागतं. पीव्हीसीच्या पिशवीतलं प्लास्टिसायझर, म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन, रक्तात उतरू शकतं. जी-सिक्स-पीडी एन्झाइम कमी असेल तर लाल पेशी फुटतात, म्हणून ती तपासणी आधी. वायू थेट शिरेत सोडणं म्हणजे बुडबुडा मेंदूत किंवा हृदयात अडकण्याला आमंत्रण. नाकाने तर कधीच नाही, फुप्फुसं सुजतात.

शुगर, कॅन्सर, एचआयव्ही बरा होतो म्हणणाऱ्याकडे पुरावा नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमात ओझोन हा वैद्यकीय उपयोग सिद्ध न झालेला विषारी वायू आहे.

खोलीत क्लोरीनसारखा उग्र वास येतोय? मग उरलेला वायू नष्ट करणारं यंत्र नाही, किंवा कुठेतरी गळती आहे. नाकाला त्या वासाची सवय लवकर होते, तेव्हा आत शिरताक्षणीच हुंगा.